वारं लागू दे

‘गाडी फुल्ल!’ असं म्हणून दयानंदनं डस्टरनं फळ्याच्या कडेवर दोनदा ठोकलं, म्हणजे कंडक्टरची डबल बेल, आणि सगळा वर्ग हसला. बसचा दाखला जुनाच होता. रक्तातून वायूंची वाहतूक हा धडा आला की तो दरवर्षी मुखेडची एसटी वर्गात आणून उभी करायचा. हिमोग्लोबिन म्हणजे चार सीटांची गाडी. फुप्फुस म्हणजे स्टँड. ऑक्सिजन हा शहाणा प्रवासी, सरळ चढतो, सीटवर बसतो आणि जिथं त्याची गरज आहे तिथं मुकाट्यानं उतरतो. आणि कार्बन मोनॉक्साइड म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा. एकदा बसला की शेवटच्या गावालाही उठायचं नाव घेत नाही. वर त्याच्या संगतीनं बाकीचेही उतरायला कुरकुर करतात. इथवर सगळं ठरलेलं होतं, हशाच्या जागासुद्धा. पण आज दयानंद खुशीत होता, घरात पाळणा हलत होता, आणि खुशीत माणूस नको तितकं बोलतो. पुढचं त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं. ‘कंडक्टर बिचारा खालून काचेतून बघतो. चारही सीटवर डोकी. त्याला कुठं दिसतंय, कोण उतरणारा आहे आणि कोण मुक्कामालाच आलाय? तो खूष. गाडी फुल्ल!’ पोरं हसत राहिली. दयानंदचा हात डस्टरसकट फळ्यावर तसाच राहिला. आज सकाळी बाळंतिणीच्या खोलीबाहेर, पडद्याला तोंड लावून त्यानं विचारलं होतं, किती आलं? आणि आतून त्याच्या आईनं सांगितलं होतं, नवावर नऊ.

त्या खोलीत त्याची मुलगी ऋतुजा होती, तिची अजून बारसंही न झालेली लेक होती, त्याची म्हातारी आई केवळाबाई होती, आणि बाजेखाली घमेल्यात निखारे होते. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा तो चिमटा काय बघतो? लाल उजेड टाकतो आणि रक्त किती लाल आहे तेवढं बघतो. सीटवर कोण बसलंय ते त्याला कळत नाही. ऑक्सिजन बसला तरी रक्त लाल, आणि तो दुसरा बसला तर आणखीच लाल. हे दयानंदला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? माहीत होतं, तोंडपाठ होतं. पण तोंडपाठ गोष्टी बहुधा तोंडातच राहतात. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘सर?’ त्यानं डस्टर टेबलावर ठेवलं, म्हणाला, ‘पोरांनो, मला घरी जावं लागतंय,’ आणि तो जिना उतरायला लागला. मागे वर्गाचा गलका सुरू झालेला ऐकू आला.

जिन्यातच त्यानं ऋतुजाला फोन लावला. रिंग जात राहिली. जाणारच, तो फोन हॉलमध्ये फ्रिजवर होता आणि आवाज बंद होता. आईचा दंडकच होता. ‘बाळंतिणीनं फोन बघू न्हाई. डोळं जात्यात.’ आईकडे स्वतःचा फोन होता, पण तो ती चाकूरजवळच्या घरी कोनाड्यातच ठेवून आली होती, हरवेल म्हणून. लातूरच्या ट्यूशन एरियाच्या गल्लीत तिसऱ्या बॅचची पोरं पाठीला दप्तरं लावून वडापाव खात उभी होती, सायकली, स्कूटी, होर्डिंगवरचे गेल्या वर्षीचे गुणवंत, आणि या सगळ्यातून वाट काढत एक रिक्षा आली. ‘औसा रोड,’ तो म्हणाला, ‘दवाखान्याची घाई आहे समज.’ रिक्षावाल्यानं मागे वळून त्याच्या खडूनं माखलेल्या हाताकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडी वळवली.

कोळसा त्यानंच आणला होता. आई गावाकडून आली तेव्हा सोबत बाभळीची लाकडं आणि शेण्यांचं पोतं घेऊन यायच्या बेतात होती. त्यानंच फोनवर सांगितलं, माय, फ्लॅटमध्ये धूर नाही चालत, बाळाच्या छातीला वाईट. मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून पिशवीभर कोळसा घेतला. आईनं पहिल्याच दिवशी त्याची तारीफ केली होती. ‘चांगला हाय रं. धूर न्हाई, डोळ्याला पाणी न्हाई.’ दयानंदला केवढं बरं वाटलं होतं! विज्ञान आणि परंपरा यांचा मेळ घातला असं त्याला वाटलं होतं, तसं तो मित्रांना बोललाही होता. गावातल्या घराला माळवद होतं आणि बाळंतिणीच्या खोलीच्या छताला साणं होतं, हातभर चौकोनी भोक, उजेड यायला आणि धूर जायला. लहानपणी उन्हाचा तुकडा त्या साण्यातून खाली पडायचा आणि दुपारभर भिंतीवर चढत जायचा. आईनं चार बाळंतपणं त्या साण्याखाली काढली, बहिणींची केली, सुनांची केली. शेण्यांचा धूर झाला की माणसं खोकत, दार उघडत, बाहेर येत, पुन्हा आत जात. घर स्वतःच श्वास घेत होतं आणि कुणाला ते माहीत असायची गरज नव्हती. आता वर स्लॅब होता, सरकत्या काचेच्या खिडक्या होत्या, आणि त्यांच्या फटीतून जानेवारीचं वारं येतं म्हणून आईनं चिंध्या मागितल्या तेव्हा त्यानं कपाटातून ज्योत्स्नाची एक विटकी सुती साडी काढून दिली होती. बायकोची साडी लेकीच्या बाळंतपणाला कामी आली म्हणून तेव्हा त्याचे डोळेही भरून आले होते.

शिवाजी चौकात सिग्नल लागला. त्यानं शेजारच्या शिवम्मांना फोन केला. निलंग्याकडच्या बाई, समोरच्याच दारात राहणाऱ्या, ऋतुजाला रोज डिंकाचा लाडू आणून देणाऱ्या.

‘शिवम्मा, आमच्या घराचं दार वाजवा. जोरात.’

‘अय्यो सर, आत्ता? झोपलेत की सगळे. बाळंतीण बाई हाय, झोपमोड कशाला करताव?’

‘शिवम्मा, खोलीत कोळशाचा विषारी वायू साठलाय. वाजवा, दगड घ्या, काय बी घ्या, पण वाजवा!’

फोन चालूच राहिला. त्याला चपलांचा आवाज आला, मग दारावरची थाप, मग दुसरी, मग ‘आज्जी! ऋतू!’ अशी हाक, आणि मग शिवम्मांचा बारीक झालेला आवाज, ‘सर, बेल दाबून राहिले मी, बेल वाजंना.’ बेल कशी वाजणार? बाळ दचकतं म्हणून परवा त्यानंच स्टूलवर चढून तिची वायर काढली होती. कोळसा त्याचा, चिंध्या त्याच्या, बेल त्याची. किती काळजी घेतली होती त्यानं! एकही फट ठेवली नव्हती.

ऋतुजाचं डोकं कालपासून दुखत होतं. ‘जड जड वाटतंय पप्पा,’ ती पडद्यामागून म्हणाली होती. आई म्हणाली, वारं लागलं, कान बांध. कान बांधले, खिडकीच्या फटीत आणखी एक चिंधी गेली, घमेल्यात आणखी दोन ओंजळी कोळसा पडला. आज सकाळी ती म्हणाली गरगरतंय. आणखी शेक. बाळ नीट पीत नव्हतं, नुसतं झोपत होतं, तर आई कौतुकानं म्हणाली, ‘शाणी हाय माजी माय. रडत बी न्हाई.’ काल बघायला आलेल्या बायका तर ऋतुजाच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. कसं तेज चढलंय, गाल कसे गुलाबी झालेत, केवळाबाई, तुमच्या हाताला यश हाय. आणि दयानंद हॉलमध्ये बसून हे सगळं ऐकत होता आणि सुखावत होता. ज्योत्स्ना असती तर हे तिनं केलं असतं. ती नाही म्हणून मी आईला आणलं, आईनं केलं, आणि पोरगी कशी गुलाबी झाली! तरी मनात कुठं तरी खुटखुटलं होतंच, म्हणून तर सकाळी त्यानं कपाटातून तो चिमटा काढला, दोन नव्या बॅटऱ्या घातल्या आणि पडद्याच्या फटीतून आत दिला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जाऊ नये, निदान बारशापर्यंत तरी, आणि आईशी या गोष्टीवरून हुज्जत घालायची त्याची छाती नव्हती. नवावर नऊ, आई म्हणाली. त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटले. शंभरातले नव्व्याण्णव. त्याच्या वर्गात एवढे मार्क कुणालाही पडले तरी तो पेढे वाटायचा.

त्या चिमट्यावर त्याचा एवढा विश्वास का होता हे त्याला रिक्षात बसल्या बसल्या लख्ख कळलं. कारण तो एकदाही खोटं बोलला नव्हता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्योत्स्नाला ताप आला आणि त्यानं रांगेत उभं राहून तो चिमटा आणला. तेव्हापासून तो तिच्या बोटाला आणि त्याच्या डोळ्यांना लागला. चौऱ्याण्णव. एक्याण्णव. लातुरात बेड मिळाला नाही, नांदेडला मिळाला, आणि एप्रिलच्या त्या दुपारी अँब्युलन्स निघाली. चाकूर, अहमदपूर, लोहा. अख्ख्या रस्त्यात त्यानं खिडकीबाहेर एकदाच पाहिलं, चाकूरच्या फाट्यावर, कारण तिथं आई येऊन उभी राहिली होती, तोंडाला पदर, एक हात वर, आणि गाडी थांबणार नव्हती हे तिला माहीत असूनही ती उन्हात उभी होती. बाकी सगळा वेळ तो त्या लाल आकड्याकडे बघत होता. ‘अठ्ठ्याऐंशी आहे, बरं आहे, अठ्ठ्याऐंशी आहे,’ तो तिला सांगत होता, जणू तिला ती बातमी होती. लोह्याच्या अलीकडे कुठं तरी ज्योत्स्नानं तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला आणि थकून, पण चक्क वैतागून म्हणाली, ‘त्या चिमट्याला काय विचारताय सारखं? मला विचारा की.’ त्यानं मास्क परत नीट बसवला. बोलू नको, म्हणाला, दम लागेल. विचारलं नाहीच. काय विचारायचं होतं ते त्याला तेव्हा सुचलंच नाही, आणि नांदेडला पोचल्यावर तिला आत नेलं.

रिक्षा औसा रोडला लागली. ‘अजून जोरात,’ तो म्हणाला. रिक्षावाला म्हणाला, ‘काका, पोचतो, घाबरू नका.’ घाबरू नका! त्याला आता धड्याचं प्रत्येक वाक्य उलटं चालून येताना दिसत होतं. या धड्यातलं त्याचं सगळ्यात आवडतं वाक्य एकच होतं, आणि दरवर्षी ते सांगताना त्याचा आवाज नकळत खाली यायचा: हिमोग्लोबिनचं मोठेपण धरण्यात नाही, सोडण्यात आहे. जो स्नायू दमलाय, जिथं कार्बन डायऑक्साइड जास्त साठलाय, तिथं ते ऑक्सिजन जास्त सोडतं. दमलेल्याला आधी. कुणी सांगायला जात नाही, दमणुकीलाच ते ओळखतं. आणि परतीला तोच कार्बन डायऑक्साइड, थोडासा गाडीतल्या दांड्याला धरून आणि बराचसा रक्ताच्या पाण्यात रूप बदलून, गुपचूप फुप्फुसापर्यंत येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. आणि त्याहून हळू आवाजात, पोटातल्या बाळाचं सांगायचं. बाळाच्या हिमोग्लोबिनला आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा जास्त ओढ असते. वारेत, म्हणजे प्लासेंटात, दोघांचं रक्त मिसळत नाही, नुसतं जवळून जातं, आणि जाता जाता आई सोडते, बाळ ओढून घेतं. मुली इथं हटकून लिहायचं थांबवून वर बघत. ती ओढ जन्मल्यावरही काही महिने रक्तात राहते. म्हणजे ती नाव नसलेली पोर आज तिथं पडून, निसर्गानं दिलेल्या त्याच ओढीनं, खोलीतलं विषही घट्ट धरून बसली असेल. दयानंदनं दोन्ही तळहात तोंडावर दाबले. खडूची चव तोंडात आली.

शिवम्मा दारात उभ्या होत्या, हातात वरवंटा, दाराच्या लाकडावर चार खळगे पडलेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. किल्ली कुलपात जाईना, मग गेली. हॉल तसाच होता, स्वच्छ, थंड, फ्रिजवर फोन, टीव्हीवर ज्योत्स्नाचा फोटो. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराखाली टॉवेल गुंडाळून लावला होता. त्यानं दार ढकललं आणि ऊब अंगावर आली, ओव्याची, शेपांची, दुधाची, तेलाची ऊब, त्याच्या स्वतःच्या बाळपणाचा वास. इतका मायाळू वास होता की क्षणभर त्याला वाटलं, आपलंच चुकलं, उगाच गोंधळ घातला. आई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती, एक हात पाळण्याच्या दोरीला. ऋतुजा बाजेवर, कान बांधलेली, गाल गुलाबी, ओठ गुलाबी, नखं गुलाबी. कुणीही म्हणालं असतं, किती छान दिसतेय.

तो खिडकीकडे धावला. चिंध्या ओढल्या, ज्योत्स्नाची साडी हातात आली, काच सरकवली आणि वारं आत घुसलं. शिवम्मांनी घमेलं दोन फडक्यांनी उचललं आणि गॅलरीत नेलं. ‘ऋतू! ऋतू, ऊठ बेटा!’ तिनं फार लांबून आल्यासारखे डोळे उघडले. ‘झोपू द्या ना पप्पा,’ ती म्हणाली. म्हणजे शुद्धीवर होती. त्यानं पाळण्यातून बाळाला उचललं. ते एवढंसं होतं, दुपट्यात गच्च बांधलेलं, आणि त्याची मान त्याच्या हातात पाणी भरलेल्या पिशवीसारखी एका बाजूला गेली. आई जागी झाली होती, पण उठता येत नव्हतं तिला. तिनं खिडकी पाहिली आणि हात वर केला, चाकूरच्या फाट्यावर केला होता तसाच.

‘अरं ए! दया! खिडकी लाव रं. वारं लागंल लेकराला!’

‘लागू दे, माय,’ तो ओरडला, आणि त्याला रडू फुटलं. ‘वारंच लागू दे. तुला बी लागू दे.’

रिक्षावाला खाली थांबलाच होता. त्याला भाडं द्यायचं राहिलं होतं आणि मागायचंही त्याच्या लक्षात नव्हतं. शिवम्मांनी आणि रिक्षावाल्यानं मिळून आईला जवळजवळ उचलूनच आणलं. ऋतुजाला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. तिनं दयानंदच्या शर्टाची पाठ मुठीत धरली होती, पहिल्यांदा शाळेत जाताना धरली होती तशी. तिघं मागे, बाळ त्याच्या छातीशी, आणि रिक्षा सुटली. दोन्ही बाजूंनी उघडी रिक्षा, जानेवारीचं बोचरं वारं या बाजूनं शिरून त्या बाजूनं जात होतं, ऋतुजाचा कानपट्टा सुटून फडफडत होता. आई तिच्या अंगावर आडवी होऊन, स्वतःच्या पाठीनं ते वारं अडवायला बघत होती आणि दयानंद तिला पुन्हा पुन्हा मागे सारत होता. त्यानं दुपट्याची गाठ सोडली, बाळाचं तोंड वाऱ्याकडे केलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली, एवढ्याशा जिवाला थंडीत धरायची. ‘घे गं,’ तो म्हणाला, ‘ओढून घे. जेवढं पाहिजे तेवढं ओढून घे.’ पाच नंबर चौकाच्या अलीकडे बाळानं कपाळाला आठी घातली. मग ते शिंकलं. मग त्यानं तोंड उघडलं, नुसतंच, आवाज नाही. आणि मग ते असं रडलं की शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवरच्या माणसानं वळून बघितलं. ‘रडली रं,’ आई म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि तिनं पदर तोंडात घातला.

दवाखान्यात तिघींना शेजारी शेजारी ठेवलं. दोघींच्या तोंडावर मास्क, बाळाच्या डोक्याभोवती काचेसारखा पारदर्शक डबा, त्यात ऑक्सिजन. सिरिंजमध्ये आलेलं रक्त दयानंदनं पाहिलं. शिरेतलं रक्त एरवी काळपट असतं, हे कुंकवासारखं लाल होतं. तरुण डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं, आता भरपूर ऑक्सिजन लावू, तोच त्या वायूला सीटवरून उठवेल. सीटवरून! दयानंदनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर किंचित हसले. ‘सर, तुमच्या अकराच्या बॅचला होतो मी. मुखेडची गाडी.’ त्यानं नुसते हात जोडले. नांदेडहून जावई मन्मथ निघाला होता, त्याचा फोन दर थोड्या वेळानं येत होता, आत्ता लोहा, आत्ता अहमदपूर. तोच रस्ता, फक्त उलट्या दिशेनं. दयानंद दर वेळी सांगत होता, सावकाश ये, सगळे ठीक आहेत.

खिडकीतून संध्याकाळचं ऊन आडवं आत आलं होतं. ऋतुजाच्या गालावरचा तो गुलाबी रंग हळूहळू उतरत गेला आणि खाली तिचा तिचा रंग दिसायला लागला, गव्हाळ, थकलेला, जरा फिकट, डोळ्यांखाली काळं. पोरगी दमली होती. किती दमली होती, आणि आपण सगळे तिच्या तेजाचं कौतुक करत होतो! नर्स आली, तिनं ऋतुजाच्या बोटाला चिमटा लावला आणि सवयीनं म्हणाली, ‘सर, नव्व्याण्णव आहे, बघा.’ दयानंदनं बघितलं नाही. तो स्टूल ओढून कॉटच्या अगदी जवळ बसला. जवळ बसून बघितलं तर तिचं कपाळ ज्योत्स्नाचं होतं, हे त्याला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. त्यानं तिचा दुसरा हात धरला, ज्याला काही लावलेलं नव्हतं.

‘ऋतू, कसं वाटतंय तुला?’

तिनं जरा विचार केला. ‘डोकं उतरलं,’ ती मास्कमधून म्हणाली. ‘आणि पप्पा, भूक लागली. लई भूक लागलीय.’ आणि मग एकदम, ‘माझी पोर?’

‘रडून रडून गाव गोळा केलंय तिनं. ती पण भुकेली आहे.’

ऋतुजा हसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि त्यानं तिला रडू दिलं. थांब, दम लागेल, असं तो म्हणाला नाही.

पलीकडच्या कॉटवर आई छताकडे बघत पडली होती. मास्कमुळे तिचं तोंड लहान झालेलं दिसत होतं. तो उठून तिच्याकडे गेला. सांगायचं बरंच होतं, की कोळसा माझा होता, की गावातल्या घराला साणं होतं आणि इथं स्लॅब आहे, की तुझ्या हाताला यशच आहे. या सगळ्याची वाक्यं त्यानं जुळवलीही होती. पण त्यानं तेच विचारलं. ‘माय, कसं वाटतंय?’

केवळाबाईनं मान वळवली. हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला असेल की नाही, कोण जाणे. चार बाळंतपणांत तर नसेलच. ती बराच वेळ शोधत राहिली, पेटीत तळाला ठेवलेलं काही तरी शोधावं तशी.

‘भ्या वाटलं रं,’ ती शेवटी म्हणाली. ‘लई भ्या वाटलं. म्याच घालत व्हते घमेल्यात. पोरगी दुखतंय म्हणली का म्या अजून घालायचे. अजून घालायचे.’

‘न्हाई माय. दोघांनी घातलं. मी आणून दिलं.’

तिनं हात बाहेर काढला. तेल लावून लावून मऊ झालेला तो हात, बोटाला चिमटा तसाच, तिनं त्याच्या गालावर ठेवला, आणि तिला खडूची पांढरी भुकटी लागली. ती तिनं अंगठ्यानं पुसली. मग ती म्हणाली, ‘अन् तुला रं, दया? तुला कसं वाटून राहिलंय?’

दिवसाचे सहा तास बोलणारा माणूस तो. लोह्याच्या त्या रस्त्यापासून आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याच्याही ते लक्षात आलं नव्हतं. त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आधी नुसता श्वास बाहेर आला, लांब, थरथरता, कधीचा आत राहिलेला. तो कॉटच्या कडेवर डोकं टेकवून बसला. आईचा हात त्याच्या केसांत आला आणि तिथंच राहिला. पलीकडे बाळ पुन्हा रडायला लागलं होतं आणि कुणीही त्याला गप्प करायला गेलं नाही.